निर्यातीचा निर्णय कांद्याच्या वयाइतका तरी टिकू द्या

प्रति,
केंद्रीय वाणिज्य मंत्रालयात शेजारी आणि विकसनशील देशांशी व्यापाराच्या वाटाघाटी करणारे सर्व अधिकारी,
नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात 27 वर्षं हिशेब आणि एक्स्पोर्टची कागदपत्रं बघतो. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, माल कुठल्या देशात बनला याचं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, पैशांची हमी देणारी बँकेची एलसी. आयुष्याची चांगली वर्षं या कागदांतली स्पेलिंगं तपासण्यात गेली, कारण एलसीत एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी बँक पैसे अडवते. धाकटा भाऊ मोहोळ तालुक्यात शेती करतो. कांदा, आणि थोडं डाळिंब. म्हणजे घरात एक जण परदेशी जाणाऱ्या मालाचे कागद रंगवतो आणि दुसरा असा माल पिकवतो जो परदेशी जाणार की नाही हे काढणीच्या आठवड्यापर्यंत देवालाही ठाऊक नसतं. आपल्या निर्णयांची दोन्ही टोकं आमच्याकडे एकाच पंगतीला बसतात, म्हणून हे पत्र लिहायचं धाडस करतोय.

डिसेंबर 2023 पासून सुरुवात करतो. 7 तारखेला दुपारी भावाने 60 पिशव्या भरून टेम्पो लावला. रात्री निघाला आणि पहाटे सोलापूरच्या बाजार समितीत पोचला. आवारात चहाच्या गाड्यापाशी माणसं घोळक्याने उभी होती आणि जो तो मोबाइलवर एकच पीडीएफ मोठी करून बघत होता. इंग्रजीतली अधिसूचना होती. एकाने मला फोन लावून वाचून दाखवली, अर्थ विचारला. अर्थ सोपा होता: कांद्याची निर्यात बंद, 31 मार्चपर्यंत. लिलाव सुरू झाला तेव्हा एरवी एकमेकांच्या खांद्यावरून हात घालून वक्कलातला कांदा दाबून बघणारे खरेदीदार हात मागे बांधून उभे राहिले. पुकारणारा ओरडत राहिला. भाव आदल्या आठवड्याच्या जवळपास निम्म्यावर आला. हमाली, तोलाई, गाडीभाडं कापून जी पट्टी हातात आली ती भावाने संध्याकाळी माझ्यापुढे टाकली. ‘दादा, तू हिशेबनीस. बसव.’ बसली नाही.

आपण म्हणाल, शहरातल्या गृहिणीलाही कांदा परवडला पाहिजे. पाहिजेच. माझी बायकोही कांदा विकतच घेते, दिराच्या शेतातला कायम फुकट मिळतो अशातला भाग नाही. आणि भाव पडायला दरवेळी दिल्लीच जबाबदार असते असंही मी म्हणत नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत आमच्या बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने याच बाजारात 512 किलो कांदा आणला आणि सगळं कापून त्याच्या हातावर 2 रुपयांचा चेक पडला, तोही पुढच्या तारखेचा. तेव्हा निर्यातबंदी नव्हती. तेव्हा मालच उदंड झाला होता. पण उदंड मालाला वाट कुठली? शेजारचा गिऱ्हाईक. आणि तो गिऱ्हाईक आपण गेली काही वर्षं पद्धतशीर तोडत आणलाय.

जरा तारखा मांडतो, सवयच आहे. 19 ऑगस्ट 2023 ला कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क. ऑक्टोबरअखेर टनामागे 800 डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याहून स्वस्त बाहेर विकायचा नाही. डिसेंबरात बंदी. मे 2024 मध्ये बंदी उठली, पण 550 डॉलरची अट आणि 40 टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबरात डॉलरची अट गेली, शुल्क 20 टक्क्यांवर आलं. 1 एप्रिल 2025 ला तेही गेलं. 20 महिन्यांत सहा वेळा नियम बदलला. कांद्याला रोप टाकल्यापासून काढणीपर्यंत चार-पाच महिने लागतात. म्हणजे ज्या नियमाकडे बघून रोप टाकलं, त्या नियमाखाली कांदा विकला असं या काळात बहुतेकांच्या नशिबी आलं नाही.

आता हेच ढाक्याच्या बाजूने बघा. बांगलादेश हा आपल्या कांद्याचा वर्षानुवर्षांचा मोठा गिऱ्हाईक. 29 सप्टेंबर 2019 ला आपण अचानक बंदी घातली. त्या आठवड्यात त्यांच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. उद्योगपतींच्या सभेत त्यांनी हसत हसत सांगितलं की मी माझ्या आचाऱ्याला स्वयंपाकात कांदा बंद करायला सांगितलंय. आधी कळवलं असतंत तर दुसरीकडून आणला असता. सभागृह हसलं. पुढच्याच वर्षी 14 सप्टेंबरला आपण पुन्हा बंदी घातली, पुन्हा न कळवता. पेट्रापोल, हिली इथे भरलेले ट्रक सीमेवर उभ्या उभ्या सडले. मग ढाक्याच्या व्यापाऱ्याने करायचं तेच केलं. पाकिस्तान, तुर्कस्तान, इजिप्त, चीन, म्यानमार, जिथून मिळेल तिथून आणायला शिकला. त्यांच्या सरकारने स्वतःच्या शेतकऱ्यांना कांदा लावायला लावलं. आज आपला कांदा मोकळा आहे, शुल्क नाही, आणि ढाक्याला पूर्वीइतकी गरज उरलेली नाही. मधे 2024 च्या मार्चमध्ये आपण सरकारी मार्गाने बांगलादेशाला 50,000 टन द्यायला परवानगी दिली होती, उपकार केल्यासारखी. गिऱ्हाइकाला उपकार नको असतो, त्याला माल वेळेवर हवा असतो. सोलापूरच्या टिळक चौकातला लहानातला लहान दुकानदारही हे जाणतो.

माझ्या टेबलावरून सांगायचं तर, 40 टक्के शुल्क मला इनव्हॉइसमध्ये मांडता येतं. महाग पडेल, पण आकडा आहे. उद्या रात्री अधिसूचना निघेल ही भीती कुठल्या रकान्यात मांडू? ती भीती शेवटी भावात उतरते, तीही दोनदा. तिकडचा व्यापारी ‘इंडिया रिस्क’ म्हणून भाव पाडून मागतो आणि इकडचा व्यापारी तीच भीती दाखवून शेतकऱ्याला कमी देतो.

हे फक्त कांद्याचं नाही. दक्षिण आशियातल्या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या 5 टक्क्यांच्या आसपास अडकलाय. आग्नेय आशियातल्या आसियान देशांचा 20 टक्क्यांच्या वर आहे. सार्क ही दक्षिण आशियातल्या देशांची संघटना 1985 मध्ये झाली. मुक्त व्यापाराचा साफ्टा करार 2004 मध्ये इस्लामाबादला सह्या होऊन 2006 पासून लागू झाला. माझ्या कपाटात त्या कराराचे सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनचे कोरे फॉर्म अजून आहेत, पिवळे पडलेले. कागदावर शुल्क उतरलं, पण प्रत्येक देशाने ‘संवेदनशील’ वस्तूंची यादी काढून त्यात नेमकं तेच टाकलं जे शेजारी विकू शकतो. शिवाय कस्टम ड्युटी कमी केली की दुसऱ्या नावाने वसुली. श्रीलंकेत सेस आणि बंदर-विमानतळ कर, बांगलादेशात पूरक शुल्क आणि नियामक शुल्क. आमच्याकडे म्हणतात ना, दारातून हाकललं तर खिडकीतून येतं. जागतिक बँकेने 2018 मध्ये हिशेब मांडला होता की या भागातला 23 अब्ज डॉलरचा व्यापार 67 अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकला असता. तो आकडा थोडा फुगलेला धरला, अर्धा धरला, तरी आमच्या यंत्रमागांना त्यात काम दिसतं.

पाकिस्तानचा विषय मी मुद्दाम बाजूला ठेवतो. 2019 नंतर आणि पहलगामनंतर तिथे जे झालं ते व्यापाऱ्याच्या अकलेपलीकडचं आहे आणि त्यावर मत द्यायला मी कोणी नाही. पण पाकिस्तान नाही म्हणून ढाका, कोलंबो, काठमांडूही नाही, हे मला कळत नाही.

सीमेचं सांगतो. माझी आजी तुळजापूरकडची. सोलापूरहून तुळजापूर 45 किलोमीटर, एसटीने तासाभराचा रस्ता. पण तिच्या तरुणपणी सोलापूर इंग्रजांच्या मुलखात आणि तुळजापूर निजामाच्या. मधे करोडगिरीचा नाका. निजामाच्या जकात खात्याला करोडगिरी म्हणायचे. तिच्या लग्नाची लुगडी सोलापुरात घेतली आणि परत जाताना नाक्यावरच्या कारकुनाने गाठोडं सोडायला लावलं. म्हणून पुढे ती सोलापूरला आली की येताना एक लुगडं नेसून यायची आणि जाताना दोन नेसून जायची. उन्हाळ्यात, बैलगाडीत, दोन लुगडी. हसून सांगायची, पण एका लुगड्यासाठी किती घाम, असंही म्हणायची. 1948 च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं, पुढे नाकाही गेला. त्याने तुळजापूर बुडालं नाही, सोलापूरही बुडालं नाही. आज चादर घ्यायची तर तुळजापूर सोलापूरलाच येतं आणि तुळजापूरच्या भाविकांवर आमची निम्मी हॉटेलं चालतात.

मी नोकरीला लागलो तेव्हा शहराच्या वेशीवरही जकात नाके होते. सुताच्या गाठींचा ट्रक रात्री आला की ड्रायव्हर नाक्यावरच झोपायचा, सकाळी मी पावती फाडायला जायचो. मग जकात गेली, तिच्या जागी एलबीटी हा स्थानिक कर आला, तोही गेला, 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. जीएसटीच्या पोर्टलने माझे केस पांढरे केले ते केलेच, पण ट्रक थांबायचा बंद झाला हे मान्य करतो. असले नाके मोडायला अवघड असतात, पण मोडता येतात, हे आमच्या शहराने दोनदा बघितलंय.

आणि आता पेट्रापोल–बेनापोल बघा. आपला ट्रक सीमेपर्यंत जातो, पलीकडच्या यार्डात माल उतरवून त्यांच्या ट्रकमध्ये भरतात. जागतिक बँकेने 2021 मध्ये मोजलं तेव्हा माल पार व्हायला 138 तास लागत होते, त्यातले 28 तास नुसते या उतरवण्या-भरण्याचे. तितक्याच वर्दळीच्या पूर्व आफ्रिकेतल्या सीमांवर हेच काम सहा तासांच्या आत होतं. त्यांच्याच हिशेबाने भारतातल्या कंपनीला बांगलादेशापेक्षा ब्राझील किंवा जर्मनीशी व्यापार करणं 15 ते 20 टक्के स्वस्त पडतं. मी हे वाचलं तेव्हा खरं वाटलं नाही, मग आमच्याच जुन्या फायली काढल्या आणि गप्प बसलो.

28 डिसेंबर 2020 ला देशातली शंभरावी किसान रेल्वे आमच्या सांगोल्याहून निघाली, पश्चिम बंगालमधल्या शालिमारला. पंतप्रधानांनी हिरवा झेंडा दाखवला, गावभर मांडव पडले. सांगोल्याचं डाळिंब हावड्याच्या उंबऱ्यावर पोचलं. तिथून ढाका मुंबई–सोलापूरपेक्षाही फार लांब नाही. त्याच वर्षी टाळेबंदीत लासलगावहून कांद्याची अख्खी मालगाडी बांगलादेशातल्या दर्शनाला गेली होती, कारण ट्रक बंद होते. संकटात जे दोन आठवड्यांत जमतं ते एरवी वर्षानुवर्षं का जमत नाही? बांगलादेश, भूतान, नेपाळ आणि आपण अशा चौघांच्या गाड्यांनी एकमेकांच्या रस्त्यांवर धावायचं, असा करार 15 जून 2015 ला थिंफूला झाला. भूतान मागे हटला. गाड्या अजून सीमेवर माल उतरवतच आहेत.

आफ्रिकेचं उदाहरण मी शेठना नेहमी देतो आणि ते नेहमी हसतात. झांबिया आणि झिंबाब्वे यांच्यात झांबेझी नदीवर चिरुंडू नावाचा नाका आहे. डिसेंबर 2009 पासून तिथे दोन्ही देशांचे कस्टमवाले एकाच इमारतीत बसतात. ट्रक एकदाच थांबतो. जिथे ट्रक तीन-तीन दिवस खोळंबायचा तिथे काम एका दिवसाच्या आत येऊ लागलं. त्यांच्याकडे पैसा आपल्यापेक्षा कमी, भांडणं आपल्यापेक्षा कमी नाहीत. त्या खंडातल्या 54 देशांनी मुक्त व्यापार कराराला सह्या केल्यात, 2021 पासून तो सुरू झाला, फार हळू चाललाय हे खरं. सुरुवातीला चाचणी म्हणून जो माल सोडला त्यात केनियातून घानाला गेलेल्या बॅटऱ्या आणि चहा होता. ऐकायला किरकोळ वाटतं. पण आमचाही पहिला एक्स्पोर्ट किरकोळच होता.

त्याबद्दल थोडं सविस्तर, कारण शेजारच्या बाजाराचं खरं मोल मला तिथे कळलं. कारखान्याने पहिला माल अमेरिकेला पाठवला नाही. अमेरिकेची साखळी दुकानं आधी ऑडिट मागतात, कामगारांच्या संडासाचे फोटो मागतात, एका रंगाचे 40,000 नग मागतात. आमच्या 24 मागांच्या कारखान्याला ते कुठून जमणार? पहिला गिऱ्हाईक कोलंबोचा होता. अर्धा कंटेनर टॉवेल, अर्धा चादरी, तोही दहा डिझाइनमध्ये. सोलापुरी चादरीतला मोर त्याच्या आईला आवडायचा, एवढ्यावर त्याने डिझाइन ठरवली. पॅकिंग कसं करायचं, कार्टनवर मार्किंग कुठे मारायचं, टॉवेलचं वजन ग्रॅममध्ये कसं सांभाळायचं, रंग धुण्यात उतरला तर काय उत्तर द्यायचं, हे सगळं आम्ही त्याच्या ओरड्यात शिकलो. दहा वर्षांनी अमेरिकेची ऑर्डर पेलली ती त्या शिकवणीवर. मोठ्या देशांच्या बाजारात थेट उडी मारणारे कारखाने असतील, पण सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांच्या घराच्या मागच्या खोलीत माग चालतो, त्यांच्यासाठी पहिली पायरी कोलंबो, ढाका, काठमांडू, फार तर दुबई किंवा मोंबासा हीच आहे.

2022 मध्ये श्रीलंका कोसळली. त्यांच्या बँकांत डॉलरच उरले नाहीत. आमचे दोन बिलांचे पैसे अडकले. शेजारी देशांच्या व्यवहारासाठी 1974 पासून एशियन क्लिअरिंग युनियन आहे, आमच्या फायलींवर आम्ही ‘एसीयू’ असा शिक्का मारतो, पण समोरच्याकडे रक्कमच नसेल तर शिक्का काय करणार? कोलंबोचा म्हातारा दर महिन्याला फोन करायचा. पैसे नव्हते, पण फोन चुकला नाही. सव्वा वर्षाने सगळे पैसे आले, व्याजाचा विषय दोघांनीही काढला नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावर शुल्क 50 टक्क्यांवर नेलं, तेव्हा तिकडच्या खरेदीदाराचा एका ओळीचा ईमेल आला, ‘होल्ड’. टॉवेलचे कार्टन गोदामात मला रोज दिसायचे. अशा वेळी सगळी अंडी एकाच टोपलीत का ठेवली असं सगळेच विचारतात. दुसरी टोपली आमच्याकडे होती, तिचा कान आपल्या अधिसूचनांनी आणि त्यांच्या सेसने तुटला.

रुपयात व्यवहाराची सोय रिझर्व्ह बँकेने जुलै 2022 मध्ये केली, बांगलादेशाशी ती वर्षभराने सुरू झाली. चांगली गोष्ट. पण माझ्या बँकेच्या शाखेत त्याचा फॉर्म विचारला तर साहेबांनी मलाच विचारलं, हे काय असतं. लहान एक्स्पोर्टरपर्यंत ही सोय पोचवा एवढंच म्हणतो, पुढे जातो.

आता आमच्याच घरची घाण. कांद्याची निर्यात बंद केली की सोलापूर चिडतं, मोर्चा काढतं. सुताचे भाव चढले की तेच सोलापूर सुताची निर्यात बंद करा म्हणून निवेदन देतं. 2010 मधलं तसलं एक निवेदन मी स्वतः टाइप केलंय, शेठ सांगत होते, मी ‘राष्ट्रहित’ हा शब्द चार वेळा घातला. त्या वर्षी सरकारने सूत निर्यातीवर 72 कोटी किलोची मर्यादा घातली. आम्ही पेढे खाल्ले. काही महिन्यांत सूतगिरण्यांची गोदामं भरली, सुताचे भाव आपटले, आणि ज्या मागवाल्यांनी चढ्या भावाचं सूत घेऊन ठेवलं होतं तेही त्यात झोपले. मार्च 2012 मध्ये कापसाच्या निर्यातीवर बंदी आली आणि आठवड्याभरात मागे घ्यावी लागली. बांगलादेश जगातला दुसऱ्या क्रमांकाचा तयार कपड्यांचा निर्यातदार आहे आणि त्याच्याकडे कापूस जवळपास पिकतच नाही. त्याच्या शर्टात आपलं सूत असतं. त्याची शिलाई वाढली की आपल्या गिरण्या चालतात, हे साधं गणित आम्ही निवेदनात कधी लिहिलं नाही. त्यामुळे हे पत्र आपल्यावर जेवढं आहे तेवढंच आमच्या असोसिएशनच्या बैठकीतल्या टाळ्यांवरही आहे.

गणवेश शिवणाऱ्या आमच्या मंडळींची भीतीही मला ठाऊक आहे. 2011 पासून बांगलादेशाचे कपडे आपल्याकडे जवळपास शुल्काशिवाय येतात. दिवसाला शंभर पीस शिवणाऱ्या बाईला ते खुपणारच. तिच्या भीतीला उत्तर द्यायला हवं. वीज स्वस्त करा, सूत वेळेवर द्या, शिलाईचं चांगलं मशीन घ्यायला कर्ज द्या. पण उत्तर म्हणून 17 मे 2025 ला आपण एका रात्रीत त्यांच्या तयार कपड्यांना जमिनीवरचे सगळे नाके बंद करून फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता बंदर मोकळं ठेवलं. त्याआधी एप्रिलमध्ये त्यांनी आपल्या सुताला जमिनीवरचे नाके बंद केले होते, हे मी विसरलेलो नाही. भांडण दोघांचं. पण आमच्या नीलम नगरात त्या महिन्यात एक शिलाई मशीन वाढलेलं मला दिसलं नाही, आणि वाढलं असतं तर पहिला बोर्ड आमच्याच गल्लीत लागला असता. 4 नोव्हेंबर 2019 ला आपण आरसीईपी या चीनसह आशियातल्या अनेक देशांच्या व्यापार करारातून बाहेर पडलो तेव्हाही शेठनी पेढे वाटले. चीनचा स्वस्त माल थांबला म्हणून मीही खाल्ला एक. त्याच करारातले व्हिएतनाम, इंडोनेशिया, थायलंड एकमेकांना सुटे भाग विकून कुठे पोचले हे बघितल्यावर माझं मत आजही अर्धं-अर्धं आहे.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही, आणि तिला कुठल्या शिखर परिषदेची गरज नाही. शेतमाल आणि सूत यांच्या निर्यातीचा कुठलाही नियम बदलायचा तर तो 120 दिवस आधी जाहीर करा. कांद्याचं वय तेवढंच आहे, म्हणून तेवढंच मागतो. ज्या मालाची एलसी उघडली आहे किंवा जो रस्त्यात आहे, त्याला नवा नियम लागू करू नका. सध्या जहाजात भरायला सुरुवात झालेल्या मालाला सूट मिळते, पण सोलापूरहून बंदर 400 किलोमीटर आहे आणि आमचा माल बहुतेक वेळा इंदापूरजवळच असतो. देशात खरंच टंचाई झाली तर बंदीऐवजी शेजाऱ्यांसाठी आधी ठरलेला कोटा चालू ठेवा, आणि तो कोटा करारात लिहा, म्हणजे पुढचा मंत्री तो विसरणार नाही. त्यांच्याकडूनही हेच लिहून घ्या: आमच्या डाळिंबावर, द्राक्षावर, विदर्भातल्या संत्र्यावर ते वाटेल तेव्हा शुल्क चढवतात, ते चालणार नाही. 2019 पासून संत्र्यावरचं शुल्क त्यांनी इतकं चढवलं की वरुड-मोर्शीच्या बागायतदारांनी झाडं तोडायची भाषा केली. आपण न कळवता बंद करतो, ते न कळवता चढवतात, दोघांची खोड एकच. आणि पेट्रापोलला दोन्ही बाजूंचे कस्टमवाले एका छताखाली बसवा. छताचा खर्च कमी पडला तर सोलापूर चादरी पाठवेल, थंडीत उपयोगी पडतील.

महागाई वाढली तर काय, हा आपला प्रश्न मी ऐकू शकतो. त्यासाठी साठा करा, नाफेडकडून आधी खरेदी करा, शहरात स्वस्त विका. त्याचा खर्च सरकारच्या तिजोरीत दिसतो, म्हणून तो अवघड वाटतो. बंदीचा खर्च माझ्या भावाच्या पट्टीत आणि ढाक्याच्या व्यापाऱ्याच्या मनात दिसतो, दिल्लीत तो कुठल्याच रकान्यात येत नाही, म्हणून बंदी फुकट वाटते.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास या. कांद्याचा ऐन हंगाम असतो, कधी कधी दिवसाला हजारावर गाड्या येऊन लिलाव एक दिवसाआड ठेवावे लागतात. पहाटे पाचला माझ्याबरोबर आवारात चला, चहा मी पाजतो. दुपारी कारखान्यात टॉवेल बघू, रात्री भावाकडे कडक भाकरी आणि शेंगा चटणी.

तूर्त एक काम आहे. भावाने परवा फोन केला होता. पावसाळी कांद्याचं रोप तयार आहे, एक एकर लावू की तीन, असं विचारतोय. कांदा बाजारात यायला डिसेंबर उजाडेल. डिसेंबरात निर्यात चालू असेल का, एवढं त्याला माझ्याकडून हवंय. मी त्याला रविवारी फोन करतो म्हटलंय. तोपर्यंत आपलं उत्तर आलं तर बरं होईल.

आपला,
अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्यातला एक जुना हिशेबनीस,
सोलापूर